वाळलेलं आणि मेलेलं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी अम्गऱ्याच्या भंगारबाजारात एका फूटभर रुंद पाइपात डोकं घालून उभा होतो. जुना पाइप घेताना आतून गंजलाय का ते बघण्यासाठी त्यात टॉर्च घालायचा असतो, डोकं नव्हे. तेवीस वर्षं कुवेतमध्ये ड्रेनेजच्या धंद्यात काढल्यावर एवढं मला समजतं. पण टॉर्च गाडीत राहिला होता आणि गाडीपर्यंत जायचा कंटाळा आला होता. खिशात फोन थरथरला, घाईत डोकं बाहेर काढताना कान सोलवटला. पलीकडे अबू फहद होते, वफ्रातल्या ज्या शेतावर नाना काम करायचे त्याचे मालक. एरवी हा माणूस फोनवर आधी माझी तब्येत विचारतो, मग घरच्यांची, मग पुन्हा माझी. त्या दिवशी काहीच विचारलं नाही. "म्हात्रे, नाना गया," एवढंच. मी मूर्खासारखं विचारलं, "कहाँ?" आणि विचारता विचारताच मला कळलं.

त्याला आता सहा आठवडे झाले. रंगनाथ बोरस्ते, मूळ निफाडजवळच्या एका खेड्यातले, बी.एस्सी. ॲग्री, वय एकोणसत्तर, इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, हुद्दा 'शेतमजूर'. सकाळी पंप चालू करून खोलीत बूट बदलायला आले, खुर्चीत बसले ते बसलेच. एक बूट पायात होता, एक हातात. त्यांची मुलगी मनीषा नाशिकला असते. नानांना तिच्यापर्यंत पोचवण्याची सगळी धावपळ मी केली असं आमच्या इथल्या मराठी मंडळातले लोक म्हणतात. खरं म्हणजे ती अबू फहदनी केली. मी फक्त दर वेळी चुकीच्या खिडकीसमोर रांगेत उभा होतो. तरीही नानांवर लिहायला मीच योग्य माणूस आहे, कारण त्यांचं कुवेतमधलं सर्वांत मोठं नुकसान मी केलेलं आहे. त्याचा पुरावा माझ्या बाल्कनीत ठेवलाय. धुरानं काळवंडलेलं एक मडकं आणि त्यात वीतभर झुडूप. पान एक नाही. काड्या करड्या पडल्यात. ते जिवंत आहे की नाही हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि या वर्षी मला ते स्वतःच ठरवायचं होतं.

आमची ओळख भांडणातून झाली. चौदा वर्षांपूर्वी शर्कमधल्या एका ऑफिसच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप तुंबला. खणून बघतो तर आत बोटभर जाडीच्या मुळांची वेणी. बाहेर कोनोकार्पसची रांग डुलत होती. हे झाड इथं नवीन येणाऱ्याला फार आवडतं, कारण पन्नास डिग्रीतही हिरवंगार राहतं. ते पाणी कुठून पितं हे फक्त आम्हा ड्रेनेजवाल्यांना ठाऊक असतं. मी करवत मागवली. तेवढ्यात बागेच्या कंत्राटदाराचा सुपरवायझर आला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, किडकिडीत. मी पुटपुटलो, "आता हा म्हातारा डोकं खाणार." तो शांतपणे म्हणाला, "डोकं न्हाई खात. चहा पितो. आहे का?"

चहा पिताना मी म्हणालो, तुमच्या झाडानं माझा पाइप फोडला. नाना म्हणाले, "तुमच्या पाइपानं माझ्या झाडाला पाण्याची चटक लावली, राव. त्याचा काय दोष?" मग करवत त्यांनी स्वतः हातात घेतली. म्हणाले, "मीच लावलंय, मीच काढतो. तुमच्या हातून नको." रांगेतली सहा झाडं त्यांनी एकेक करून काढली आणि प्रत्येकाच्या बुंध्यावर आधी क्षणभर हात ठेवला. मी गंमत म्हणून घरी सांगितलं. सुजाता, माझी बायको, हसली नाही. "त्यांना एकदा जेवायला बोलवा," म्हणाली.

ते जेवायला आले आणि मग येतच राहिले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन सासरी. आमच्या घरी आले की आधी बाल्कनीतल्या तुळशीची चौकशी, मग माझी. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं असायचं. आमच्या मुलीला ते किळसवाणं वाटे. नाना म्हणत, "अगं, हे माझं स्टेथोस्कोप." फांदी वाळलेली दिसली की ते नखानं तिची साल किंचित खरवडत. खाली हिरवं दिसलं की जिवंत. मला त्यांनी हे शिकवायचा प्रयत्न केला, पण मला लहानपणापासून नखं कुरतडायची सवय. माझ्या बोटांना नखं नसतात, नखांच्या आठवणी असतात. "कुरतडणाऱ्याचं हे काम न्हाई," नाना म्हणत.

एकदा वफ्राला जाताना गाडीत त्यांनी आपल्या नोकरीची कथा सांगितली. तोवर ते अबू फहदच्या शेतावर आले होते. "पहिल्यांदा आलो तेव्हा साहेब म्हणाला, हे सगळं रिकामं आहे, हिरवं करून दे. रिकामं कशाला म्हणतो ते मी विचारलं न्हाई. कोनोकार्पस लावले. किती लावले ते मोजलं न्हाई, मोजलं असतं तर आता झोप लागली नसती. लोकं सावलीत बसून फोटो काढायचे. मग तीच लोकं म्हणाली, झाड बदमाश आहे, पाइप फोडतं, पाणी खातं, काढून टाक. काढले. आता म्हणतात, आधी जसं होतं तसं करून दे." मग बाहेरच्या सपाट मातकट जमिनीकडे बघत म्हणाले, "आधी जसं होतं तसं कुणी नीट बघितलं होतं का, म्हात्रे?"

मला माझं गाव आठवलं. अलिबागजवळ आमच्या थळच्या खाडीत माझे वडील तिवरं तोडून सरपण आणायचे. खाडीकाठची ती झुडपं म्हणजे फुकटचं जळण आणि डासांचं घर, एवढीच त्यांची किंमत होती. आज त्याच जागी 'कांदळवन तोडणे गुन्हा आहे' अशी पाटी आहे. वडिलांनी ती पाटी वाचली आणि विचारलं, "मग मी गुन्हेगार का?" मी नाही म्हणालो. तिवरं तीच, वडील तेच. फक्त बघणाऱ्यांचं मन फिरलेलं.

अबू फहदच्या शेताच्या मागच्या बाजूला, हरितगृहं संपतात तिथं, नानांनी साठ रोपं लावली होती. अर्फज म्हणतात त्याला. इथल्या वाळवंटाचं मूळचं झुडूप. एकेकाळी मैलोगणिक होतं म्हणे, मग उंटांनी खाल्लं, गाड्यांनी चिरडलं, तंबूवाल्यांनी जाळलं. आता त्याच्यासाठी कुंपणं घालतात. सरकारी कचेरीतून कुणीतरी ही रोपं बघायला येणार होतं. साठातली चाळीस जगलेली दिसली तर मोठ्या कुंपणातल्या जमिनीसाठी रोपं करायचं काम नानांना मिळणार होतं. सहासष्टीच्या माणसाचा इकामा वाढवायचा तर मालकालाही काही कारण लागतं. काम मिळालं तर नाना राहणार, नाहीतर परत निफाड. "परत जायला मी घाबरत न्हाई," ते म्हणाले होते. "पण जन्मभर या मातीत चुकीचं झाड लावलं. एक बरोबरचं लावून, त्याला फूल आलेलं बघून जायचंय."

यातलं कुंपण, रोपं, कचेरी हे सगळं मला नंतर कळलं. नंतर म्हणजे व्हायचं ते होऊन गेल्यावर, फक्त दीड तासानं.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. पाऊस लांबला होता. मंडळाची सहल नानांनी शेतावर बोलावली. मी अलिबागचा, त्यामुळे पोपटी करायची जबाबदारी मी छातीठोकपणे घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा आणि भांबुर्डीचा पाला दाबून भरायचा, मडकं उपडं करायचं आणि भोवती सुकं सरपण रचून पेटवायचं. मडकं मी मुद्दाम गावाहून आणलं होतं, हातातल्या बॅगेत, अंगावरच्या शालीत गुंडाळून. भांबुर्डी वाळवून सुजाताच्या साडीच्या घडीत. नाना पंपाकडे जाताना ओरडून म्हणाले, "सरपण शेडमागं आहे, खजुराच्या झावळ्या!" झावळ्या भसकन पेटतात आणि विझतात. पोपटीला बारीक, चिवट काटकी लागते. अशा बाबतीत मी जरा जाणकार समजतो स्वतःला. मी शेताच्या मागं गेलो. तिथं पडलेल्या तारेपलीकडे बुडापर्यंत वाळलेली झुडपं, सरळ ओळीत. ओळ मला दिसली होती, इंजिनियर माणसाला ओळ दिसतेच. ती कुणी का आखली असेल हा प्रश्न पडायला वेगळं डोकं लागतं. मुळं उपटण्यात तर माझं आयुष्य गेलं! दोन्ही हातांनी ओढत सत्तावीस झुडपं काढली, छान मोळी बांधली आणि वाजतगाजत आणली.

पोपटी अशी झाली की काय सांगू. नानांनी दोनदा घेतली. दुसऱ्यांदा घेताना शेंग नाकाशी धरून थांबले. "वास निराळाच लागलाय. कशावर भाजली?"

"झावळ्यांवर," मी म्हणालो. का म्हणालो ते आजही सांगता येणार नाही. बहुधा यजमानांचं सरपण न वापरता दुसरंच आणलं याचा संकोच. एवढ्याशा संकोचापायी.

हात धुऊन नाना म्हणाले, "चला म्हात्रे, एक चीज दाखवतो. अजून कुणाला दाखवली न्हाई." आणि आम्ही चालू लागलो. चालता चालता त्यांनी ते सगळं सांगितलं. साठ रोपं, रविवारची पाहणी, चाळीसचा आकडा, इकामा, फूल. हरितगृहांच्या कडेनं आम्ही मागं वळलो तेव्हा आपण कुठं चाललोय ते मला कळलं. "नाना, ऊन फार आहे, नंतर बघू." डिसेंबरात! "नाना, तो पंप कसला आवाज करतोय?" पंप बंद होता. नाना आपले पुढं पुढं, "आत्ता वाळलेलं दिसेल, पण वाळलेलं आणि मेलेलं यात फरक असतो, बरं का..." असं सांगत. मग ते थांबले.

समोर ओळीच्या ओळी आणि मधेच खड्डे. खाली पडलेली तार नानांनी उचलली, सरळ केली, पुन्हा खाली ठेवली. "उंट शिरला असणार," मी म्हणालो. नाना वाकून माती बघत फिरले. एका खड्ड्याशी उकिडवे बसले. तिथं बुटाचा ठसा होता, तळव्यावर वेड्यावाकड्या नक्षीचा. सेलमध्ये घेतलेले ते निळे बूट मीच मोठ्या कौतुकानं त्यांना दाखवले होते. नानांनी ठसा बघितला. मग मान न वळवता माझ्या पायांकडे बघितलं. मग उठले, गुडघे झटकले.

"हां," म्हणाले. "जनावर असेल."

पुढचे दोन दिवस... काय सांगू. झाडं उपटणं इथं गुन्हा आहे. दंड असतो, आणि परक्या देशातल्या माणसाच्या डोक्यात दंडापाशी काही थांबत नाही. माझा इकामा, मुलीची बारावी, घराचं भाडं, सगळं एका रांगेत उभं राहतं. मी काहीच बोललो नाही तर उंटाच्या नावावर जाणार होतं, आणि नाना निफाडला. शनिवारी दुपारी मी सुजाताला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"नानांनी तुमचे बूट बघितले?"

"बघितले."

"मग त्यांना माहितीये. ते वाट बघतायत."

"कशाची?"

"अहो, तुमची!"

रविवार इथं कामाचा वार. पोट बिघडल्याचं ऑफिसला कळवलं. वफ्राचा रस्ता सरळ आहे, तरी मी दोनदा चुकलो. पोचलो तेव्हा कचेरीतून आलेली तरुण बाई हातात टॅब घेऊन ओळींतून चालत होती. मागं अबू फहद, हात पाठीशी. आणि नाना, इस्त्रीचा शर्ट घालून. बाईंनी खड्ड्यांकडे बोट दाखवलं आणि इंग्रजीत विचारलं, हे कुणी केलं? नानांनी मला येताना पाहिलं. माझ्याकडेच बघत म्हणाले, "ॲनिमल, मॅडम."

मी पुढं झालो. "मॅडम," मी म्हणालो, "दॅट ॲनिमल इज मी."

कुणीही हसलं नाही. हे वाक्य मी नंतर मंडळात शंभरदा हशा वसूल करत सांगितलंय. अबू फहदनी विचारलं, "क्यों?" मी सांगितलं, खाना पकाया. काय पकवलं? मग मी त्या वाळवंटात उभा राहून, मोडक्या हिंदीत, हातवारे करत पोपटीची कृती सांगितली. मडकं उपडं कसं ठेवतात तेही. अबू फहद माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. शेवटी ते म्हणाले, त्यांची आजी याच अर्फजवर भाकरी करायची. लहानपणी लांबून तो धूर आला की घर आलं असं कळायचं. त्यांच्या वडिलांनी गॅस आणला, हिरवळ लावली आणि अर्फजला कचरा म्हटलं. "और अब मैं इसके लिए तार लगाता हूँ." मग आवाज कडक झाला. "लेकिन मेरी दादी जड़ नहीं निकालती थी. तूने जड़ निकाली?"

मी मान खाली घातली. नाना मात्र एका खड्ड्याशी बसून बोटांनी माती उकरत होते. वीतभर खाली खुंट लागला. मी स्वतःला मुळं उपटण्यातला उस्ताद समजत होतो, पण पाइपातली मुळं वेगळी आणि ही वेगळी. बहुतेक झुडपं माझ्या हातात मातीच्या जरा खालीच तुटली होती. नानांनी नख लावलं. सालीखाली बारीक हिरवी रेघ. त्यांनी बाईंना बोलावून दाखवली. बाई वाकल्या, माझ्याकडे एकदा असं बघितलं की दंड परवडला असता, आणि म्हणाल्या, मार्चमध्ये येईन. चाळीस हवीत. आणि हा माणूस पुन्हा हात लावताना दिसला तर दंडासाठी नाव लिहून नेईन.

त्या हिवाळ्यातला प्रत्येक शुक्रवार मी वफ्राला काढला. नानांनी शिक्षा सांगितली, "इथं यायचं, बसायचं, उंट हाकलायचा. बाकी काही करायचं न्हाई. जमेल?" मला वाटलं, यात काय. पण काही न करणं हे इंजिनियरला येत नाही. पाऊस झाल्यावर कोंब दिसायला लागले आणि मला राहवेना. एकदा नाना नमाज संपल्यावर अबू फहदना मशिदीतून आणायला गेले असताना मी एका रोपाला पाण्याची अख्खी बाटली पाजली. माया म्हणून. ते कुजलं. नानांनी ते उपटलं, माझ्या हातात दिलं. "कोनोकार्पसवर आम्ही असंच प्रेम केलं," एवढंच म्हणाले.

मार्चमध्ये बाई आल्या. न तुटलेली तेहतीस, त्यातली दोन गेलेली, एक माझ्या प्रेमानं. राहिली एकतीस. मग खड्ड्यांमधले कोंब. पस्तीस... सदतीस... एकोणचाळीस. ओळ संपली. बाईंनी टॅब खाली घेतला. नानांचा हात शर्टाच्या बटणाशी गेला आणि तिथंच राहिला. मी कुंपणाला लागून असलेल्या शेवटच्या खड्ड्याशी होतो, तिथं आधी दोनदा बघून काही सापडलं नव्हतं. आता खड्ड्याच्या कडेला, दगडाच्या सावलीत, दोन पानं होती. मी ओरडलो नाही. हातही लावला नाही. फक्त बाजूला झालो. बाई उकिडव्या बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या, आणि लिहिलं, चाळीस.

एप्रिलात फुलं आली. बारीक, पिवळी. नाना डोक्याचा टॉवेल काढून त्यांच्यामधे बसले होते. "वास बघा," म्हणाले. मी वाकलो. तोच वास होता... पोपटीच्या शेंगांचा. मी मान वर केली तर नाना हसत होते, त्या प्रकरणात पहिल्यांदाच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "शेंगा झाल्या होत्या मात्र फक्कड," म्हणाले.

मग त्यांनी माझं मडकं मागून घेतलं. माझ्याच ड्रिलनं तळाला भोक पाडलं, शेतामागची माती भरली, एक कोंब त्यात लावून माझ्या मांडीवर ठेवला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते झुडूप पार वाळतं आणि दर उन्हाळ्यात मी घाबरून नानांना फोटो पाठवायचो: 'नाना, गेलं.' उत्तर एकच: 'नख लावलं का?' मग नाना येत, अंगठा टेकवत, वरची फांदी, मधली, आणि शेवटी मातीला लागून. "झोपलंय," म्हणत, आणि चहा मागत.

यंदाच्या ऑगस्टातही मी फोटो पाठवला होता. 'येतो पुढच्या शुक्रवारी,' असं उत्तर आलं. मग शेतावर पंप बिघडला, तो शुक्रवार गेला, आणि त्यापुढचा आलाच नाही.

त्या फोननंतर अम्गऱ्याहून परतताना, सोलवटलेला कान घेऊन, सिग्नलला उभा असताना माझं बोट सवयीनं तोंडाकडे गेलं. उजवा अंगठा. मी तो खाली घेतला. सहा आठवडे झाले, बाकी नऊ बोटं मी नेहमीसारखी कुरतडली, काही रात्री तर रक्त येईपर्यंत, पण त्या एका नखाला दात लावला नाही. ऑफिसात लोक विचारतात. मुलगी म्हणते, "डॅड, दॅट्स सो ग्रोस." काल सकाळी ते पुरेसं वाढलेलं वाटलं. बाल्कनीत जाऊन मडक्यासमोर बसलो. वरची फांदी खरवडली. करडी. मधली खरवडली. आत कोरडा भुसा. मी थांबलो. सुजाता दारात येऊन उभी राहिली. खुर्चीतले नाना, तो एक बूट हातात... ते सगळं तेव्हा डोळ्यांपुढून गेलं. मग मातीला लागून, जिथं खोड बोटाएवढं जाड आहे तिथं, नख टेकवलं आणि हलकेच ओढलं.

हिरवं होतं. दोऱ्याएवढं, पण हिरवं.

"झोपलंय," मी म्हणालो. माझ्या तोंडून तो शब्द अगदी नानांसारखा आला. सुजातानं पदर डोळ्यांना लावला, मग नाक ओढून म्हणाली, "चहा टाकते. आणि आता ते नख कापा हो, बघवत नाही."

चहा झाला. नख कापलेलं नाही.